तगरीवरची हिरवी अळी तपकिरी पडली, आजारी आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. गॅलरीतल्या तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी होती. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे-पांढरे ठिपके, दोन्ही अंगांना पांढरी रेघ, शेपटाकडे आखूड पिवळसर शिंग. फोटोंशी ताडून पाहिलं, ऑलिअँडर (म्हणजे कण्हेर) हॉक मॉथ या पतंगाचीच आहे. शेंड्याची पानं तिने फस्त केली, खाली काळ्या लेंड्यांचा सडा. सासूबाई म्हणतात फवारा मारा, लेक म्हणते हात तर लावून बघा!

कालपासून मात्र तिने खाणं सोडलंय. पाठ काळपट-तपकिरी झालीय आणि झाड सोडून फरशीवर सैरावैरा फिरतेय. उचलून ठेवली की पुन्हा खाली. कण्हेरीची पानं देऊन बघू का?

प्रतिसाद १: पानं नकोत, तिचं खाऊन झालंय. आजारबिजार काही नाही, ती कोषाला जागा शोधतेय. ही अळी झाडावर कोष करत नाही. खाली उतरून पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात शिरते. रंग बदलतो तो त्याआधी. हिरवी राहिली तर जमिनीवर लगेच नजरेत भरेल ना! तुमच्याकडे फरशीच आहे, तेव्हा पसरट डब्यात दोन-तीन इंच किंचित ओलसर माती घाला, वर सुकी पानं, तोंडाला जाळीचं कापड. आत एक खरखरीत काडी उभी खोचाच. पतंग बाहेर आल्यावर वर चढून पंख लोंबते ठेवतो. चढायला काही मिळालं नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, मग उडणं कायमचं संपलं. या हवेत दोन-तीन आठवडे धरा. मधे उकरून बघू नका, लेकीला आधीच सांगा.

प्रतिसाद २: फवारा कशाला, तगर पुन्हा फुटते. कण्हेरीचा चीक आपल्याला विषारी, या अळीला बाधत नाही. कधी कधी कोषातून पतंगाऐवजी माश्याच निघतात. त्या परजीवी, अळीच्या अंगातच वाढलेल्या. तसं झालं तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. पतंग निघाला तर संध्याकाळी सोडा. पंखांचा पसारा नऊ-दहा सेंटिमीटर, हिरव्यावर गुलाबी-पांढरी नक्षी. फुलावर न बसता हवेतच थांबून लांब सोंडेने मध पितो.

धागाकर्ती: आभार! डबा केला, ती लगेच पानांखाली गेली. मुंग्या फार आहेत, डबा पाण्याच्या ताटलीत ठेवू का?

प्रतिसाद १: ठेवा. फक्त उन्हात नको, आणि डब्याच्या बुडाला भोकं नाहीत ना ते बघा.