जुन्या गाडीत एलईडी हेडलाइट बल्ब कायद्याने चालतो का? (पूर्णगड–रत्नागिरी, पहाटेचा प्रवास)

पावस_पूर्णगड:

नमस्कार मंडळी. पूर्णगडला राहतो, मासळीचा धंदा आहे. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यापासून पहाटेचं मिरकरवाडा बंदर पुन्हा सुरू झालंय. गाडी जुनी हॅचबॅक, खासगी पासिंग, एच-फोर बल्बची. पावस सोडून गोळपच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) आलो की वरून पाऊस आणि समोर धुकं. कडेची पांढरी पट्टी तर कधीच पुसून गेलेली. डिपरवर (खालच्या झोतावर) काही म्हणजे काही दिसत नाही. परवा एक म्हैस अगदी बंपरशी आल्यावर दिसली, तीही डोळे चमकले म्हणून. समोरून डंपर आला की तेवढंही नाही.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. तो म्हणाला एलईडी टाका, सहा हजार केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), दोनशे टक्के उजेड, जुना काढायचा नि नवा खोचायचा. नाहीतर शंभर-नव्वद वॅटचा हॅलोजन घ्या, सोबत रिले (बल्बला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) देतो. कायद्यात बसतं का विचारलं तर म्हणे, "सगळेच टाकतात." आता हे काय उत्तर झालं?

मला दिसायला तर पाहिजेच, पण नाकाबंदीत कोणी अडवलं तर हात जोडत बसायची वेळ नको. अपघात झाला आणि विमेवाल्याने बोनेट उघडून बघितलं तर काय, हीही धाकधूक आहे. फॉग लाइट नंतर बसवले तर चालतात का, तेही कोणाला माहीत असेल तर सांगा.

मालवणी_मसालो:

कोण इचारता रे! माझ्या गाडीक एलईडी घालून कितीक दिवस झाले, एकदाय कोणी अडवूक नाय. आणि कायद्याचाच बोलायचा तर आरसी काढून बघ. त्यात इंजिन नंबर आसा, चासी नंबर आसा, रंग आसा. बल्ब खय लिवललो आसा? आरसीत नाय ता बदललास तर गुन्हो कसलो? बिनधास घाल.

डेपोवाला_काका:

मसालेभाऊ, आरसीचा मुद्दा काढलात तो अर्धा बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ साधारण तेच सांगतं, की आरसीतला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात यावरच बोट ठेवलं, तेव्हापासून सगळे आरसी-आरसी करतात. पण कायदा कलम ५२ ला संपत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात कायद्यात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही सांगितलंय. आणि बाहेरून आणून बसवलेले सुटे भागही त्यात शब्दात धरलेत. बल्ब आरसीत नाही म्हणून सुटलो, असं होत नाही.

दिव्यांचे नियम त्याहून वेगळे, ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत. नियम १०५ म्हणतो, तुमच्या दिव्यात १५५ मीटर पुढचा माणूस आणि गाडी स्पष्ट दिसली पाहिजे. म्हणजे उजेड कमी असणं हीसुद्धा चूकच, पूर्णगडवाल्यांनी हे लक्षात घ्यावं. लगेच पुढचा १०६ म्हणतो, दिव्याचा झोत कायमचा खाली झुकलेला हवा, इतका की दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे तो दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे कडेने चालत येणाऱ्या बाईचा डोळा धरा. उजेड किती आहे यापेक्षा तो पडतो कुठे, यावर सगळा कायदा उभा आहे.

मी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो. रिटायर झालो, आता घराला लागून छोटं गॅरेज आहे. एच-फोरचा बल्ब एकदा हातात घेऊन बघा (काचेला बोट लावू नका). आत दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची बारीक वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग पेटतो आणि झोत रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड तिरपी असते. आपल्याकडे डावीकडचा झोत थोडा वर चढतो आणि कडेचा माणूस, दगड, गटार दिसतं, ते त्या तिरप्या कडेमुळे. रिफ्लेक्टरची प्रत्येक घडी त्या फिलामेंटच्या जागेवरून आखलेली असते. तिथे एलईडीची चपटी चिप आली, जागा मिलिमीटरभर सरकली, की झोत फुटतो. बंपरपुढचा पॅच पांढराफेक दिसतो, बघणाऱ्याला वाटतं काय उजेड पडलाय! लांबचं मात्र पहिल्यापेक्षा कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यात जातं. त्यात पावसात भिजलेलं डांबर. सहा हजारचा निळसर उजेड त्यावरून उडून जातो, हाती काही लागत नाही.

जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना परवानगी मिळालीय, तीही गाडीच्या मॉडेलगणिक. यादीत तुमची गाडी असेल तरच बसवायचा. इकडे दुकानदार त्या बातम्या दाखवून कुठलाही चिनी बल्ब गळ्यात मारतात. आपल्याकडे अशी यादी नाही.

शंभर-नव्वदचं तर बोलूच नका. मंजूर एच-फोर ६०/५५ वॅटचा, बस. जास्त वॅटच्या बल्बांच्या खोक्यावर बहुतेक वेळा कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. ६० वॅटला १२ व्होल्टवर पाच अ‍ॅम्पिअर लागतात, १०० ला आठच्या वर. गाडीची वायर, कपलर (वायरी जोडायचा प्लग), स्विच पाचच्या हिशोबाने दिलेले. माझ्याकडे वितळून काळे पडलेले होल्डर येतात, बल्ब त्यातच चिकटलेला.

आता तुमच्या गाडीचं. मला खात्रीने वाटतं की बल्ब कमजोर नाही, बल्बपर्यंत करंटच पोचत नाहीये. जवळच्या इलेक्ट्रिशियनला सांगा, इंजिन चालू, डिपर चालू, आणि मीटर आधी बॅटरीला लाव, मग होल्डरच्या मागे. बॅटरीवर चौदाच्या आसपास आणि होल्डरला बाराच दिसले की समजा चोर सापडला. हॅलोजनचं गणित वाईट असतं, व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के जातो. आपल्या खाऱ्या हवेत अर्थिंगचा पॉइंट सगळ्यात आधी जातो. तुमच्या गाडीत तर मासळी आणि बर्फाचं पाणीही. हेडलाइटच्या मागे बॉडीला जिथे काळी वायर बोल्टने कसलेली असते तो बोल्ट काढा, खाली हिरवा थर असणार. पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, कसायचा, वरून ग्रीस.

मग काच. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी आणि मॅट झाली असेल तर बल्ब कोणताही घाला, उजेड तिथेच विखुरतो. आणि विखुरलेला उजेडही समोरच्याला दिपवतो बरं का. बफिंग करून घ्या आणि वर यूव्ही कोट मारून घ्या, नाहीतर पुढच्या मे महिन्यात परत तेच. आतून रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर मात्र इलाज नाही, कंपनीचाच अख्खा हेडलॅम्प बदला.

हे झाल्यावरही कमी वाटलं तर ६०/५५ मध्येच जास्त उजेडाचे हॅलोजन मिळतात, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. बल्बच्या बुडाशी गोलात ई आणि शेजारी आकडा असतो, ती मंजुरीची खूण बघून घ्या. आयुष्य थोडं कमी भरतं. वॅट तेच, फिलामेंटची जागा तीच, म्हणून कायद्याचाही प्रश्न नाही.

पावस_पूर्णगड:

काका, एवढं बैजवार कोणी सांगितलं नव्हतं. काच पिवळी आहेच, डावी जास्त. अर्थिंग आजच बघतो. एक विचारू का? येताना समोरचे मला सारखे अप्पर (वरचा झोत) मारतात, मी डिपरवर असलो तरी. जाताना नाही मारत.

डेपोवाला_काका:

येताना मागे माल असतो ना? बर्फाचे क्रेट मागे भरले की मागची बाजू बसते आणि नाक वर जातं. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला खाली ० ते ३ आकड्यांचं चाक आहे का बघा. तो लेव्हलर. रिकामी गाडी ०, माल भरला की २ किंवा ३, झोत खाली येतो. लोक ते चाक एसीचं समजून सोडून देतात.

फोकस घरीही बघता येतो. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, समोर दहा मीटरवर भिंत. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची रेषा त्या खुणेखाली दहा ते पंधरा सेंटीमीटर हवी, डावीकडे वर चढणारी. नेमका आकडा बोनेटखाली किंवा हेडलॅम्पवर टक्क्यांत छापलेला असतो, १ टक्का म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर. स्क्रू हेडलॅम्पच्या मागे. आधी उजवा झाकून डावा, मग उलट.

टुरिस्ट_परमिट_०८:

गणपतीपुळ्याला टुरिस्ट गाडी चालवतो. आम्हा पिवळ्या प्लेटवाल्यांना हा विषय टाळताच येत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग (आरटीओची तपासणी), मग दरवर्षी, आणि त्यात हेडलाइटचा फोकस तपासतात. आमच्यातले काहीजण आदल्या दिवशी एलईडी काढून हॅलोजन घालतात, पास झालं की परत एलईडी. मला ते पटत नाही. गणपतीत मुंबईच्या गाड्या खाली उतरतात तेव्हा निवळीच्या घाटात समोरून रांगच्या रांग, निम्म्यांचे दिवे पांढरेफटक. वळणावर काही सेकंद आपण आंधळेच, आणि पाठीमागे पाहुण्यांची पोरं झोपलेली.

विम्याचं म्हणाल तर माझ्या ओळखीत एकाचा क्लेम अडला, पण तो बल्बमुळे नाही. मूळ हार्नेस (कंपनीच्या वायरींचा जुडगा) कापून वायरी पिळून जोडल्या होत्या, पुढे आग लागली, सर्व्हेअरने त्याचेच फोटो काढले. त्यामुळे रिले बसवायचाच असेल तर कपलर टू कपलरवाला घ्या, कापाकापी नको.

फॉगचं: तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीकडून फॉग येत असतील तर तोच किट घ्या, बंपरमधली जागा आणि वायरिंग तयारच असतं. पांढरा किंवा पिवळा दोन्ही चालतात, हेडलाइटच्या खाली बसतात. धुकं नसताना मात्र बंद ठेवा. बंपरवर किंवा टपावर एलईडी बार लावायच्या फंदात पडू नका, तो सरळ दंडाचा विषय आहे.

मालवणी_मसालो:

काकानू, तुमचा लेक्चर वाचलंय. लेव्हलर माझ्या गाडीत आसा, माका माहीतच नाय होता. पण ह्यो एलईडीचो जोड चांगले पैशे मोजून घेतलंय, फुकट घालवू? हेडलाइटीतून काढून फॉगात घातलंय तर चलात ना? फॉग कंपनीचेच आसत.

डेपोवाला_काका:

नाही चालणार. फॉगचा बल्ब बहुतेक वेगळ्या बुडाचा असतो, बसणारच नाही. आणि बसला तरी फॉगचा रिफ्लेक्टरही हॅलोजनच्या फिलामेंटवरूनच आखलेला, तिथेही झोत तसाच फुटणार. वाडीत पडवीला बारा व्होल्टची जुनी बॅटरी असेल तर तिथे लावा, होळीला उजेडाला कामी येईल. मात्र मागचा पंखा चालू आहे ना ते बघा. बंद पडला असेल तर चिप तापून जाते.