भाड्याने द्यायला नवा कोरा फ्लॅट घेतोय, हिशोब बरोबर बसतोय का?

बिनभाड्याचा:
नमस्कार मंडळी. राहत्या घराचं कर्ज फिटत आलंय, थोडे पैसे साठलेत, ते दुसऱ्या घरात घालावेत असं चाललंय. एका नव्या प्रोजेक्टमध्ये फ्लॅट बघितला, ताबा मिळायला अजून वर्षभर आहे. सेल्सवाला म्हणतो पहिली दोन वर्षं भाड्याची गॅरंटी आमची, मॉड्युलर किचन फुकट, आणि आत्ता बुक केलंत तर ताब्यापर्यंत भाव वर गेलेलाच असणार. बायको म्हणते जुनं घ्या, निदान काय घेतोय ते डोळ्यांना दिसतं तरी. मला जुन्याची कटकट नकोय, आज गळती उद्या वायरिंग. कोणी नवं घेऊन भाड्याने दिलंय का? गोडगोड नको, खरं काय ते सांगा.

हिशेबवही:
आधी आकडे मांडा मग बाकी बोलू. फ्लॅट, नोंदणी, पंखे-दिवे-पडदे सगळं धरून १०० ला पडला असं समजा. तुमचे २०, बँकेचे ८०. व्याज ८ टक्के धरलं तर पहिल्या वर्षी नुसतं व्याजच ६.४ च्या आसपास, मुद्दल वेगळं. भाडं महिन्याला ०.४ म्हणजे वर्षाला ४.८, त्यातला एक महिना भाडेकरू बदलताना रिकामा जाणारच, उरले ४.४. मेंटेनन्स, घरपट्टी, विमा, किरकोळ दुरुस्ती मिळून १ गेला, हातात ३.४. म्हणजे दरवर्षी खिशातून ३ घालायचे, तेही मुद्दल सोडून, आणि तुमचे स्वतःचे पैसे होते फक्त २०. भाव दरसाल ३ टक्के वाढला तरच तुम्ही जागच्या जागी. उलट भाव १० टक्के पडला तर तुमच्या २० मधले निम्मे गेले, बँकेचे ८० तसेच उभे. तुमच्याकडचे खरे आकडे यात घाला आणि बघा काय दिसतं ते. ब्रोशरमध्ये भाडं भागिले किंमत एवढंच करून टक्के छापतात, त्यावर जाऊ नका, आणि किंमतही बऱ्याचदा नोंदणी वगैरे वगळूनच धरलेली असते.

तिसरामजला:
भाड्याच्या गॅरंटीबद्दल सांगतो. बिल्डर ते पैसे आपल्या घरून आणत नाही, बहुतेक वेळा ते किमतीतच घातलेले असतात, म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला दर महिन्याला परत. दोन वर्षं संपली की भाडं बाजारभावाला येतं आणि तेव्हा समजतं की बाजारात तेवढं कधी नव्हतंच. जवळपासच्या तेवढ्याच फ्लॅटला आज काय भाडं मिळतंय ते एजंटला भाडेकरू म्हणून फोन करून विचारा, मालक म्हणून नको. गॅरंटी नक्की कोण देतंय तेही बघा, मूळ कंपनी की कालपरवा काढलेली वेगळीच कंपनी.
किचनचंही तसंच. फुकट किचन देतात पण भाव कमी करत नाहीत, कारण कागदावरचा भाव उतरला तर पुढच्या गिऱ्हाइकाला तोच भाव सांगता येत नाही. तुम्ही म्हणा किचन नको, तेवढे पैसे किमतीत कमी करा. काय उत्तर येतं त्यावरून बरंच कळेल.

रिकामीचावी:
वरच्या दोघांनी एक गोष्ट सोडली. ताबा सगळ्यांना एकदमच मिळतो ना. त्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक तुमच्यासारखेच गुंतवणूकवाले असतील तर एकाच महिन्यात तोच प्लॅन, त्याच टाइल्स, तसलेच ढीगभर फ्लॅट भाड्याला लागतात, भाडेकरू आरामात घासाघीस करतो आणि जो मालक हप्त्याने घायकुतीला आलाय तो भाडं पाडतो, मग बाकीच्यांनाही पाडावंच लागतं. विकायला गेलात तर आणखी मजा, शेजारी पुढची विंग उभी राहत असते आणि बिल्डर तिथे नवीन स्कीम लावून बसलेला असतो. तुमच्यापेक्षा तो जास्त सूट देऊ शकतो, आणि गिऱ्हाईक वापरलेलं घर कशाला घेईल? म्हणून बुक करायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, राहायला येणारे किती आणि पुढचे टप्पे किती बाकी आहेत. टाळाटाळ केली तर मी तरी निघून येईन.

ओळंबा:
एवढं पण घाबरवू नका हो त्यांना. मी साइटवरच काम करतो. नव्या घराला पहिली काही वर्षं दुरुस्ती कमी असते, वायरिंग आजच्या लोडला धरून असतं, लिफ्ट-पार्किंगमुळे भाडेकरूही बरा मिळतो. मालक दुसऱ्या गावी राहत असेल तर हे फार मोठं सुख आहे, त्याची किंमत वहीत लिहिता येत नाही.
फक्त ताबा घेताना डोळे उघडे ठेवा. चावीने प्रत्येक टाइल वाजवा, पोकळ वाजली की खाली माल नीट भरलेला नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, जाळीकडे गेलं तर ठीक, कोपऱ्यात थांबलं तर उतार चुकलाय. जाळी बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा. प्लॅस्टरला केसासारख्या भेगा नव्या बांधकामात येतातच, वाळताना ते आकसतं. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि महिन्यागणिक रुंद होणारी भेग दिसली तर इंजिनिअर बोलवा. सगळं लेखी द्या, फोटोसकट, सही करायच्या आधी. नंतर कोणी फोन उचलत नाही.

बिनभाड्याचा:
सगळ्यांचे आभार. हिशेबवहींच्या पद्धतीने आकडे घातले, दरवर्षी माझ्या खिशातून साधारण तेवढेच जातायत, थोडे जास्तच. सेल्सवाल्याला किचनचं विचारलं तर म्हणे वरती विचारून सांगतो. एक शंका, ताबा मिळायच्या आधीच विकून मोकळं होता येतं असंही तो म्हणाला, ते कितपत खरं?

हिशेबवही:
करारात काय लिहिलंय त्यावर आहे. हक्क दुसऱ्याच्या नावे करायला बिल्डरची परवानगी लागते का, तो त्याची फी किती घेणार, आणि ठरावीक रक्कम भरल्याशिवाय विकायला बंदी आहे का, ही तीन कलमं शोधा. ताबा लांबला तर तुम्हाला काय मिळणार तेही तिथेच बघा, कारण तोवर व्याज चालू आणि भाडं शून्य. तोंडी काहीही धरू नका.

रिकामीचावी:
आणि न विकलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स कोण भरणार ते विचाराच. सुरुवातीला मेंटेनन्स मुद्दाम कमी सांगतात. लिफ्टची मोफत सर्व्हिस संपली, सोसायटीकडे कारभार आला की आकडा चढतो आणि तो सरळ तुमच्या ३.४ मधून जातो.