हेप्टनस्टॉलचं चॅपल: अष्टकोन म्हणजे निव्वळ काटकसर?

चुनाभट्टी: "अष्टकोन ही गरीब मेथडिस्टांची काटकसर, यात वास्तुकला कसली? दगडांमधले सांधे सिमेंटने भरा नि विषय संपवा." इंग्लंडमधल्या हेप्टनस्टॉल गावच्या मेथडिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) प्रार्थनागृहाबद्दलची ही पोस्ट वाचून राहवेना. काटकसर करणारा अष्टकोनी छप्पर कशाला घालेल? आठ तिरके वासे एका बिंदूत गाठायचे, वर ते भिंतींना बाहेर रेटणार. भिंतींच्या माथ्यावरच्या तुळयांचं कडं कोपऱ्यांत जखडलं नाही, तर भिंत कललीच. १७६४ मध्ये हे छप्पर रॉदरहॅमला घडवून, सुटे भाग तट्टांवर लादून डोंगरावर आणलं. म्हणे काटकसर!

पाथरवट: छप्पर दिसलं, भिंती नाही दिसल्या? तेवढ्याच लांबीच्या भिंतीत चौकोनापेक्षा अष्टकोनात सुमारे २० टक्के जास्त जागा मिळते. आणि इतका थोर आकार, तर १८०२ मध्ये एक टोक उतरवून बाजू लांबवाव्या का लागल्या? आयत असता तर नुसता पुढे ओढला असता. खुद्द पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींनी १७७८ ला लंडनच्या सिटी रोडवर आयतच बांधला.

चुनाभट्टी: २० टक्के मान्य, पेढे वाटा. पण वेस्लींचं अष्टकोनाचं कारण आवाज नीट पोचण्याचं होतं. धार्मिक संस्कार पॅरिश चर्चमध्ये (गावच्या अधिकृत चर्चमध्ये) व्हायचे, इथे प्रवचन. वेदीसाठीचा लांब कक्ष हवाच कशाला?

कोनाडा: आकारावर भांडत बसा. त्या सिमेंटच्या सल्ल्यावर कोणीच का बोलत नाही? वाळूदगडाच्या भिंतीतलं पाणी सांध्यांतून बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बुजली की ते दगडातून निघतं. क्षार पृष्ठभागामागे साठतात, थंडीत पाणी गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, दगड खलास.

पाथरवट: मग काय, सिमेंटऐवजी चुना? तो पावसात धुऊन जातो. दर दहा वर्षांनी परांची कोण बांधणार, तुम्ही?

कोनाडा: उथळ भरला तर धुऊन जाणारच! सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल उकरा, छिन्नीने. ग्राइंडर लावाल तर दगडाच्या कडा जातील. धूळ काढा, भिंत भिजवा. एक भाग हायड्रॉलिक चुना (पाण्यातही घट्ट होणारा), अडीच ते तीन भाग टोकदार कणांची वाळू. वर ओलं गोणपाट, आणि पारा ५ अंशांखाली असेल तर कामच नको.

पाथरवट: बरं, चुना घ्या. पण मसाल्यात "थोडंसं" सिमेंट टाकणारे गवंडी आधी आवरा.

चुनाभट्टी: धागा अष्टकोनाचा होता, मंडळी.

कोनाडा: मग कोपऱ्यांपासून उकरायला घ्या. आठ आहेत.