चाकांवरच्या खोल्या फक्त बायकांच्या नव्हत्या
पूर्वी समुद्रस्नानासाठी चाकांवरच्या खोल्या, म्हणजे 'बेदिंग मशीन' नावाच्या गाड्या असायच्या. "या गाड्या फक्त बायकांसाठी" असं कुणी म्हणतं, ते काही पटत नाही. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज १७८९ साली वेमथला अशाच गाडीतून समुद्रात उतरला होता. त्याने डुबकी मारताच शेजारच्या गाडीत दडवलेल्या वादकांनी 'गॉड सेव्ह द किंग' सुरू केलं! आंघोळीलाही बँडबाजा.

घोडा गाडी पाण्यात ओढत न्यायचा, तोवर आत हिंदकळत कपडे बदलायचे आणि समुद्राकडच्या दाराने पायऱ्या उतरायच्या. मार्गेटला बेंजामिन बीलने त्या दारावर कापडी झडप बसवली, म्हणजे किनाऱ्यावरून काही दिसायला नको. ब्रायटनला मार्था गनसारख्या दणकट बाया गिऱ्हाइकाला धरून चक्क बुचकळून काढायच्या. व्हिक्टोरिया राणीची गाडी ऑस्बोर्नला, तिच्या समुद्राकाठच्या निवासस्थानी, अजून बघायला मिळते. मध्यंतरी त्या गाडीचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं.