नेफेश म्हणजे 'आत्मा'?

या चर्चेत बायबलमधल्या 'नेफेश' या हिब्रू शब्दाबद्दल 'नेफेश म्हणजे देहात कोंडलेला अमर आत्मा' असं म्हटलंय, ते मला पटत नाही. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात (१:२०) पाण्यात वळवळणाऱ्या प्राण्यांनाही 'नेफेश हय्या' (जिवंत नेफेश) म्हटलंय, आणि गणना या पुस्तकात (६:६) तर 'नेफेश मेत' म्हणजे चक्क प्रेत! देहापासून वेगळा काढता येईल असा आत्मा त्यात बसवणं ही नंतरची, ग्रीक विचारातून आलेली समजूत आहे.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे या शब्दाचा 'गळा' हा अर्थ. बायबलमधल्याच स्तोत्र ६९ च्या सुरुवातीला बुडणारा माणूस म्हणतो, 'बाऊ मायिम अद नाफेश': पाणी नेफेशपर्यंत आलं. आत्म्यापर्यंत पाणी कसं येईल? ते गळ्याशी आलंय, श्वास अडतोय. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात (५:१४) अधोलोक आपला नेफेश रुंदावतो, म्हणजे घसा वासतो. हिब्रूशी नातं असलेल्या प्राचीन अक्कादी भाषेतल्या 'नपिश्तु' या शब्दालाही जीव आणि गळा असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून मला तरी आपला 'जीव' हाच सगळ्यांत जवळचा शब्द वाटतो. जनावरालाही जीव असतो, तहानेने तो कासावीस होतो, आणि संकटात आपलाही जीव कंठाशीच येतो.