नाताळच्या प्रेमकादंबऱ्या निवडण्यासाठी मदत हवी आहे

डिसेंबरमध्ये नाताळच्या पार्श्वभूमीवरील इंग्रजी प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते. शेवट गोडच होणार हे आधीपासून ठाऊक असणे, हा मला त्यांचा मोठा दिलासा वाटतो. अडचण निवडीची आहे. मुखपृष्ठावर बर्फ आणि दिव्यांच्या माळा असतात, पण आत सण शेवटच्या दोन प्रकरणांपुरताच येतो आणि बाकीची गोष्ट कोणत्याही महिन्यात घडली असती असे वाटत राहते. मलपृष्ठावरील मजकूर, वाचकांचे अभिप्राय आणि नमुना प्रकरण वाचूनही नेमका अंदाज येत नाही. कथासंग्रहही वाचून पाहिले, मात्र त्यांत प्रेम जुळायला पुरेसा अवकाश मिळत नाही. शहरातली नायिका गावी परतून तिथल्या बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते, हा साचा आता नको. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारपासून ६ जानेवारीच्या एपिफनी सणापर्यंतचा काळ कथानकात खरोखर गुंफलेली, चाळिशीपुढच्या पात्रांची आणि मालिकेतील आधीचे भाग न वाचता समजणारी, साधारण ३०० पानांची कादंबरी हवी आहे. ई-पुस्तक किंवा ऑडिओबुक चालेल. अशी कादंबरी विकत घेण्याआधी कोणत्या खुणांवरून ओळखावी, आणि आपण स्वतः वाचलेल्यांपैकी कोणती सुचवाल?