बंद डबीत १२ व्होल्टवर एएमएस१११७: चालतो की जळतो?

स्विचनोड:
विषय असा. संत्र्याच्या गोदामात लावायचा तापमान-आर्द्रतेचा लॉगर (नोंदयंत्र): ईएसपी३२ ही वायफायवाली कंट्रोलर चिप, एसएचटी३१ सेन्सर, १२ व्होल्टचा अडॅप्टर, ६० × ४० मिमीचा बोर्ड, बंद प्लास्टिकची डबी. माझं मत सरळ आहे, इथे एएमएस१११७ सारखा लिनियर रेग्युलेटर, म्हणजे जादा व्होल्ट उष्णता करून घालवत ३.३ व्होल्ट देणारी चिप, नकोच. सरासरी १२० मिलीअँपिअर धरा. (१२ − ३.३) × ०.१२, म्हणजे १.०४ वॅट नुसती उष्णता. एसओटी-२२३ ला (या चिपचं आवरण) बोर्डावर तांबं कमी दिलं तर वॅटमागे ९० अंशांच्या आसपास चढतात. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५, टिनाखालच्या डबीत सहज ५५. बेरीज १४९, आणि जंक्शनची (चिपच्या आतल्या सिलिकॉनची) मर्यादा १२५. चिप तापून बंद पडते, निवली की परत सुरू होते, आणि लोक फर्मवेअर तपासत बसतात. एपी६३२०३ सारखा ठरावीक ३.३ चा बक, म्हणजे वेगाने चालू-बंद करत व्होल्ट उतरवणारा रेग्युलेटर, लावा. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तरी वाया जातात ०.०७ वॅट.

लिनियरभाऊ:
हिशेब बरोबर, निदान चूक. ताप १२ व्होल्टांमुळे आहे, १११७ मुळे नाही. ५ व्होल्टचा चार्जर लावा: १.७ × ०.१२, म्हणजे ०.२ वॅट, १८ अंश चढणार. एक चिप, दोन कॅपॅसिटर, विषय संपला.
बकचा इनपुट कॅपॅसिटर पिनपासून सेंटिमीटरभर लांब गेला की स्विच नोडवर (चिप आणि कॉइल जुळतात तिथे) रिंगिंग, म्हणजे व्होल्टेजची थरथर, आलीच. तोच कॅपॅसिटर ०८०५ आकारात, १६ व्होल्टचा, १० मायक्रोफॅरडचा घेतला तर १२ व्होल्टवर बऱ्याचदा निम्मीही क्षमता उरत नाही. शिवाय ईएसपी३२ स्वतःच ०.४ वॅट ओकतो, त्याचं काय करता?

स्विचनोड:
५ व्होल्ट ऐकायला बरं वाटतं. सॉकेट दाराशी, डबी मधल्या खांबावर. तीन मीटर बारीक वायर, जाऊन-येऊन ०.८ ओहम. वायफायच्या ४०० मिलीअँपिअरच्या झटक्याला ०.३२ व्होल्ट वायरमध्येच गेले. चार्जर ४.७५ देत असेल तर चिपपाशी ४.४३. १११७ चा ड्रॉपआउट, म्हणजे इनपुट-आउटपुटमध्ये लागणारा किमान फरक, १.१ ते १.३; वाईट वेळी हाती ३.१ च्या घरात. ईएसपी३२ मॉड्यूलला किमान ३.० लागतात. प्लग जरा सैल झाला की रीसेट.

लिनियरभाऊ:
मग १११७ लाच काहून चिकटून बसता भाऊ? एपी२११२के घ्या, तोही लिनियरच, ड्रॉपआउट पाव व्होल्टाच्या आसपास.

तांबंपट्टी:
त्याला इनपुट ६ व्होल्टपर्यंतच. गोदामात राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर शेजारीच लटकलेला, गोल पिन तीच. कोणीतरी खुपसणारच. फ्यूज आणि टीव्हीएस डायोड (जादा व्होल्ट अडवणारा) नसेल तर बोर्ड गेला.

बाकी तुम्ही दोघंही चिप वाचवताय, सेन्सरचा आकडा कोण वाचवणार? ९० टक्के आर्द्रतेच्या आसपास सेन्सर १ अंशाने गरम असला की आर्द्रता सुमारे ५ टक्के कमी दिसते. ‘तांबं वाढवा’ हा सल्ला मोकळ्या हवेतला. बंद डबीत तांबं तीच उष्णता सेन्सरपर्यंत पोचवतं. एसएचटी३१ बोर्डाच्या कडेला जिभेवर घ्या, तिन्ही बाजूंनी दीड मिमीची खाच, जिभेवर ग्राउंडचं तांबं पसरायचं नाही, ट्रेस बारीक, आणि डबीला तिथेच जाळी.

एएमएस१११७ लावणाऱ्यांनी एक बघावं: त्याचा रुंद टॅब (धातूची पट्टी) आउटपुटला जोडलेला असतो, ग्राउंडला नाही. टॅब ग्राउंडच्या तांब्यावर ठेवला की आउटपुट थेट शॉर्ट.

माझं मत बककडे, पण पोटेन्शिओमीटरवाली (स्क्रू फिरवून व्होल्ट ठरवायची) स्वस्त मॉड्यूल नकोत. त्याचा सरकता संपर्क सुटला की बऱ्याच मॉड्यूलमध्ये आउटपुट इनपुटच्या दिशेने उसळतं, आणि ३.३ ची चिप १२ खाते.

लिनियरभाऊ:
खाच मान्य. पण तो १.०४ वॅट आणला कुठून? दर दहा मिनिटांनी पाच सेकंद जागं राहायचं, बाकी वेळ ईएसपी३२ डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळपास बंद. सरासरी १ मिलीअँपिअर. १११७ चे स्वतःचे ५ मिलीअँपिअर धरून १२ व्होल्टवरही ०.०७ वॅट. तुमच्या बकचाच आकडा! जागं झाल्यावर आधी सेन्सर वाचायचा, मग वायफाय लावायचं.

स्विचनोड:
झोपवता येत असेल तर चालेल. पण मालकाला मोबाइलवर हवं तेव्हा आकडा बघायचा असतो, म्हणजे वायफाय सतत चालू आणि सरासरी परत १२० वर. शिवाय झोपेतला बक त्या ०.०७ च्याही बराच खाली असतो, ही तुलना तुम्ही गाळलीत. आधी मालकाला विचारा, मग चिप निवडा.